चिठ्ठीला उत्तर येत नाही तेव्हा

वाचकाचे पत्र

मी गेली १७ वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून व्यवसाय करते. रोज येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांची तक्रार शरीराची असते, पण दुखणे मनाचे असते, हे आता अनुभवाने ओळखता येते. अशांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवते. बरेचसे जातच नाहीत. जे जातात त्यांचे पुढे काय झाले, याची एक ओळही माझ्याकडे परत येत नाही. दोन महिन्यांनी तोच रुग्ण तापासाठी येतो, खिशातून अर्धी संपलेली स्ट्रिप काढतो आणि ‘ही बंद केली तर चालेल का?’ असे मलाच विचारतो.

गेल्या महिन्यात तर कहरच झाला. गुडघेदुखीसाठी आलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना मी डायक्लोफेनॅक दिले. आठवड्याभरात त्यांचे हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या सुरू झाल्या. ते कित्येक वर्षे लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेत होते, हे तेव्हा कुठे त्यांच्या पत्नीने सांगितले. रुग्णालयात दाखल करावे लागले; आता ते घरी आहेत. त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, तर ‘देण्यापूर्वी विचारायचे होते’ एवढेच ते म्हणाले. पण विचारायचे कोणाला, हेच मला ठाऊक नव्हते. आता वाटते की मानसिक आजाराच्या रुग्णाला हात न लावता सरळ पुढे पाठवावे, नाहीतर मग सगळे आपणच करावे. यांतले काय योग्य?

उत्तर

प्रिय डॉक्टर,

लिथियमच्या रुग्णापासूनच सुरुवात करतो, कारण तो प्रसंग तुमच्या मनातून अजून गेलेला नाही हे पत्रावरून दिसते. लिथियम शरीरात मोडत नाही, ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये घटतात, लिथियम बाहेर पडण्याचा वेग मंदावतो आणि रुग्णाने एकही गोळी जास्त घेतलेली नसताना रक्तातली पातळी चढत जाते. उपयोगी पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, इतका हा पट्टा अरुंद आहे. रक्तदाबासाठी तुम्ही रोज लिहीत असाल त्या थायझाइड आणि एसीई इनहिबिटर गटांतल्या गोळ्यांनीही हेच होते. जुलाबाने किंवा शरीरातले पाणी कमी झाल्यानेही होते. म्हणजे लिथियम घेणाऱ्या रुग्णाला धोका पोहोचण्याच्या बहुतेक वाटा फॅमिली डॉक्टरच्या टेबलावरून जातात, आणि तरीही ते औषध चालू असल्याची खबर त्या टेबलाला नसते.

तुमची चूक किती, याचे उत्तर मी टाळणार नाही. ‘दुसरी काही औषधे चालू आहेत का?’ असे तुम्ही विचारले असेल आणि ‘नाही’ हे उत्तर मिळाले असेल. वर्षानुवर्षे घेतलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्यांना रुग्ण औषध म्हणून मोजत नाही, किंवा मोजतो पण तुमच्यासमोर बोलत नाही, कारण बाहेर बाकावर ओळखीचे कोणी तरी बसलेले असते. म्हणून प्रश्नच वेगळा हवा: ‘झोपेसाठी, मनासाठी किंवा फिट येऊ नये म्हणून रोज काही घेता का?’ एवढा एक प्रश्न तुमच्याकडून राहिला. परंतु लिथियम सुरू करणाऱ्याने पहिल्याच महिन्यात रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरला दोन ओळी लिहायला हव्या होत्या, कोणती वेदनाशामके चालणार नाहीत हे रुग्णाला आणि घरच्यांना लिहून द्यायला हवे होते. मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि मला वाटते की या प्रसंगातला मोठा वाटा आमच्या बाजूचा आहे. ‘विचारायचे होते’ हे वाक्य तुमच्या सहकाऱ्याने स्वतःलाच ऐकवायला हवे होते.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात साठीच्या पुढच्या एका बाईंना मी नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम सुरू केले. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाने फोन केला की आई गोंधळल्यासारखी वागते, गप्प बसून राहते, जेवत नाही. मला वाटले नैराश्यच वाढले आहे, आणि मी डोस वाढवायला सांगणार होतो. त्याच संध्याकाळी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी घरी जाऊन त्यांना पाहिले आणि रक्त तपासायला पाठवले. सोडियम ११८ आले. किमान १३५ असायला हवे. रक्तदाबासाठी त्या बाई वर्षानुवर्षे थायझाइड घेत होत्या, आणि वाढत्या वयात थायझाइडला एस्सिटालोप्रॅमसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळीची जोड मिळाली की सोडियम घसरू शकते, हे मला पुस्तकातून पाठ होते. त्या थायझाइड घेतात, एवढेच मला माहीत नव्हते, कारण मी विचारले नव्हते आणि माझ्या केसपेपरवर ‘इतर औषधे’ या रकान्यात ‘बी.पी.ची गोळी’ एवढेच लिहिलेले होते. त्या डॉक्टरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी त्यांच्याकडच्या सगळ्या औषधांची यादी पाठवली आणि खाली लिहिले, ‘यापुढे काही सुरू केलेत तर मला कळवत जा.’ माझ्याकडे रुग्णांची माहिती मागण्याची आणि पाठवण्याची जी काही शिस्त आहे, ती त्या एका ओळीपासून आहे.

आता तुमच्या चिठ्ठीकडे येऊ. ती मी पाहिलेली नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांचा मजकूर बहुधा एकच असतो: रुग्णाचे नाव, वय, ‘अँक्झायटी’ किंवा ‘डिप्रेशन’ हा शब्द आणि ‘कृपया पाहावे व उपचार करावेत’. या चिठ्ठीला उत्तर येत नाही यात नवल नाही, कारण तिच्यात काही विचारलेलेच नसते. वाचणारा असे समजतो की रुग्ण त्याच्याकडे सोपवला गेला, विषय संपला. तुम्हाला उत्तर हवे असेल तर चिठ्ठीत प्रश्न हवा, आणि रुग्ण तुमच्याकडेही राहणार आहे हे तिच्यात दिसायला हवे. मला अलीकडे आलेल्या एका चांगल्या चिठ्ठीचा तपशील, ओळख पटणार नाही इतपत बदलून, इथे देतो. (तिच्यातले पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी, तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा; बायपोलर म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटूनपालटून येणारा आजार.)

‘वय ४२, स्त्री. तीन महिन्यांपासून पहाटे चारला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, वजन पाच किलोने उतरले आहे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर ठीक आहे. पीएचक्यू-९ चे गुण १७, नवव्या प्रश्नाला शून्य. एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम सहा आठवडे दिले, गुण १५ वर आले आहेत. भाऊ तरुणपणी काही महिने फार उत्साही आणि उधळ्या झाला होता, असे त्या सांगतात. माझा प्रश्न असा की डोस वाढवावा, की बायपोलरची शक्यता धरून औषधच बदलावे? अॅम्लोडिपिन चालू आहे, रक्तदाब मीच पाहते. नैराश्य आहे हे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांना ते पटले आहे.’

ही चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागली असतील. तिने माझी पहिली भेट निम्म्याने सोपी केली, आणि प्रश्न इतका नेमका होता की उत्तर न देणे मलाच अवघड झाले असते. शेवटचे वाक्य तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. आजाराचे नाव रुग्णाने आधी ऐकले आहे की ते पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकणार आहे, यावर त्या भेटीचा सगळा सूर ठरतो. आमच्याकडून मात्र लांबलचक वृत्तांताची अपेक्षा धरू नका. तो तुम्हाला लागतही नाही. निदान काय वाटते, कोणते औषध किती आणि साधारण कधीपर्यंत, तुम्ही कशावर लक्ष ठेवायचे, कोणती लक्षणे दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा, एवढे चार ओळींत मावते. चिठ्ठीच्या खाली ‘या चार गोष्टी कळवाव्यात’ असे छापूनच घेतलेत तरी कोणी रागावणार नाही.

बरेचसे रुग्ण जातच नाहीत, याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही तुमच्या हातात नाहीत: अंतर, खर्च, तारीख मिळायला लागणारे आठवडे, लोक काय म्हणतील ही धास्ती. परंतु एक कारण आपल्या बोलण्यात असते. छातीत धडधडते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून आपण म्हणतो, ‘सगळे नॉर्मल आहे, आता एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.’ त्याला ऐकू येते ते असे की मला काही झालेले नाही, मी नाटक करतो असे डॉक्टरांना वाटते आणि त्यांना मी नकोसा झालो आहे. त्याऐवजी तुम्ही जर म्हणालात की ‘धडधड खरी आहे, ती तुम्हाला जाणवते तशीच आहे, हृदय चांगले आहे, पण शरीराची धोक्याची घंटा विनाकारण वाजते आहे, आणि ती कशी शांत करायची यात माझ्यापेक्षा जाणकार असलेल्या एकांचे मत मला घ्यायचे आहे,’ तर ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. ‘मला मत घ्यायचे आहे’ हे शब्द महत्त्वाचे, कारण त्यांत तुम्ही रुग्णाच्या बाजूला उभ्या राहता. आणि त्याला जाऊ देण्यापूर्वी तुमच्याकडची पुढची तारीख द्या. ‘तिकडे जाऊन आलात की बुधवारी मला भेटा, काय सांगितले ते मला ऐकायचे आहे.’ शक्य असेल तर रुग्ण समोर असतानाच तिकडे फोन लावा आणि दोन शब्द त्यालाच बोलू द्या. ज्या आवाजाशी एकदा बोलणे झाले आहे त्याच्या दारात जाणे सोपे असते.

‘सगळे आपणच करावे का’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘बरेचसे, हो’ असे आहे. सौम्य आणि मध्यम तीव्रतेचे नैराश्य व चिंताविकार यांवर प्राथमिक स्तरावरच उपचार व्हावेत, हे जगभर मान्य झालेले धोरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये त्यासाठी एमएचगॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि २०१० मध्ये बिगर-तज्ज्ञ डॉक्टरांसाठी मार्गदर्शिकाही काढली. तुमच्या हाताशी पीएचक्यू-९ आहेच: गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७ पैकी. १० किंवा अधिक आले की नीट तपासायचे, २० किंवा अधिक आले की तीव्र समजायचे. हे गुण म्हणजे निदान नव्हे; थर्मामीटरचा आकडा म्हणजे जसे तापाचे कारण नव्हे, तसेच ते आहे. पण दर दोन-तीन आठवड्यांनी तोच आकडा पुन्हा घेतला तर उपचार लागू पडतो आहे की नाही, हे ‘बरे वाटते ना?’ या प्रश्नापेक्षा फार चांगले कळते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर कागद बाजूला ठेवून थेट बोला. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कोणी तरी विचारले याचे हायसे वाटते.

औषध तुम्ही सुरू करणार असाल तर त्याआधी थायरॉईड, रक्तक्षय, बी-१२ यांकडे एकदा पाहा, आणि ‘आयुष्यात कधी असे काही दिवस गेले का, की झोप अगदी कमी लागे आणि तरी अंगात प्रचंड उत्साह असे?’ हे जरूर विचारा, कारण बायपोलर असलेल्या माणसाला नुसते नैराश्यविरोधी औषध दिले तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी बेचैनी होईल, बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू राहील आणि ती बंद करायची तर हळूहळू, हे पहिल्याच दिवशी सांगा. खिशातून अर्धी स्ट्रिप काढणारे रुग्ण बहुतांशी हे न सांगितल्यामुळे तयार होतात. अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या, पण सवय लावणाऱ्या गोळीने दुसऱ्याच दिवशी बरे वाटते, म्हणून तिचा मोह दोघांनाही होतो. ती द्यावीच लागली तर दोन ते चार आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

थांबायचे कुठे, हेही स्पष्ट ठेवा. आत्महत्येची योजना मनात असलेला, आवाज ऐकू येणारा किंवा संशयाने पछाडलेला, उन्मादाच्या अवस्थेतला, खाणेपिणे सोडलेला रुग्ण आणि बाळंतपणानंतर अचानक विचित्र वागू लागलेली आई, यांच्या बाबतीत चिठ्ठी पुरत नाही. त्याच दिवशी फोन आणि सोबत माणूस लागतो. दोन औषधे पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही फरक न पडलेला रुग्ण त्या घाईचा नाही, पण तोही पाठवायचाच. आणि प्रत्येक वेळी पाठवायचे ते मानसोपचारतज्ज्ञांकडेच असेही नाही. ज्याला औषधापेक्षा बोलून उपचार हवे आहेत त्याला मानसशास्त्रज्ञाकडे थेट पाठवता येते. फक्त ते औषध लिहीत नाहीत, त्यामुळे औषधाची बाजू तुमच्याकडे राहते, हे तिघांनाही माहीत हवे.

या सहकार्याचा उपयोग होतो का, याचा पुरावा भक्कम आहे, पण तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. २००२ मध्ये अमेरिकेत ‘इम्पॅक्ट’ नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ प्राथमिक दवाखाने, साठीच्या पुढचे १,८०१ नैराश्यग्रस्त रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांसाठी दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमला गेला, जो रुग्णाला नियमित फोन करी, गुण मोजी, औषध घेतले जाते का हे पाही आणि समस्या सोडवण्याचे छोटे उपचार देई. औषध फॅमिली डॉक्टरच लिहीत. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा त्या मदतनिसाबरोबर यादी घेऊन बसत आणि ज्यांना फरक पडत नव्हता त्यांच्याविषयी सल्ला देत. बहुतेक रुग्णांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेही नाही. वर्षाअखेर लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत १९ टक्के होते, या पद्धतीत ४५ टक्के. पुढे २०१२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा ७९ चाचण्या आणि २४,३०८ रुग्ण एकत्र पाहिले गेले आणि नैराश्य व चिंता दोन्हींत या पद्धतीचा फायदा दिसला.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गोव्यातला ‘मानस’ अभ्यास मला याहून बोलका वाटतो. तिथे मदतनीस म्हणून मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले समुपदेशक होते. १२ सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्ट वाढले; १२ खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. खाजगी फॅमिली डॉक्टरांकडच्या रुग्णांना नेहमीच्या पद्धतीतही बऱ्यापैकी गुण येत होता. मी याचा अर्थ असा लावतो, आणि तो माझा अर्थ आहे, की जिथे डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो आणि तो आला नाही तर ते त्याच्या लक्षात येते, तिथे या पद्धतीतले अर्धे काम आधीच चाललेले असते. तुमचा दवाखाना तसाच असावा असे पत्रावरून वाटते.

म्हणून तुम्हाला यंत्रणा उभारायला सांगत नाही, एक वही ठेवायला सांगतो. मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्या प्रत्येकाचे नाव, औषध, शेवटचे गुण, पुढची तारीख. दवाखान्यातल्या विश्वासू मदतनिसाने आठवड्यातून एकदा ती वही उघडायची आणि तारीख चुकवलेल्यांना फोन करायचा. वही कुलपात राहील हे मात्र पाहा. महिन्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी, त्यातल्या अडलेल्या नावांविषयी एका मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. कोणाशी, हे निवडताना कीर्तीपेक्षा फोन उचलण्याची सवय पाहा. आणि जवळ असणे म्हणजे सहकार्य, असेही समजू नका. एकाच जिन्यावर समोरासमोर दवाखाने असलेले, आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या चिठ्ठ्या न वाचलेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

त्या पहिल्या बोलण्यात एक वाटणी करून घ्या, कारण जे काम दोघांचे असते ते कोणीच करत नाही. लिथियमची पातळी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि मूत्रपिंड, थायरॉईड, कॅल्शियम दर सहा महिन्यांनी कोण तपासणार? ओलान्झापिन हे वजन वाढवू शकणारे तीव्र मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्याचे वजन, साखर आणि रक्तातली चरबी कोण पाहणार? माझे मत असे की हे तुम्ही पाहावे आणि आम्ही रिपोर्ट मागून घ्यावा. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. आम्ही स्टेथोस्कोप कधीच खाली ठेवलेला असतो, आणि ‘सगळे मनाचे आहे’ ही सवय आम्हालाही जडते. क्लोझापिन हे याच गटातले, पांढऱ्या पेशी घटवू शकणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला ताप आणि घसादुखी झाली तर तो माझ्याकडे येत नाही, तुमच्याकडे येतो. आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायला हव्यात, हे तुम्हाला माहीत नसेल तर तो माझा गुन्हा आहे. तुम्ही ‘हात न लावता पुढे पाठवावे’ असे लिहिलेत तेव्हा मला सर्वांत जास्त काळजी या रुग्णांची वाटली. त्यांना तपासणारा हात तुमचाच आहे.

राहिला प्रश्न गुप्ततेचा. तुम्ही तो विचारलेला नाही, पण चिठ्ठ्यांची देवघेव सुरू झाली की तो येणारच. आम्ही कधी कधी गुप्ततेच्या आड आळस लपवतो, हे कबूल. तरी एक अडचण खरी आहे. तुम्ही साऱ्या कुटुंबाच्या डॉक्टर असता. नवऱ्याच्या मारहाणीविषयी समुपदेशकाशी बोललेल्या बाईला ठाऊक असते की तोच नवरा पुढच्या आठवड्यात मधुमेहासाठी तुमच्यासमोर बसणार आहे. तिची भीती तुमच्यावरच्या अविश्वासातून येत नाही, तुमच्या केसपेपरच्या कपाटातून येते. म्हणून रुग्णाला आधी विचारावे की तुमच्या डॉक्टरांना यातले काय कळवू, आणि औषध, निदान, धोका व पुढची योजना एवढेच लिहावे. आयुष्याची गोष्ट ज्याला सांगितली त्याच्यापाशीच राहावी. जिवाला धोका असेल तेव्हाच या मर्यादेबाहेर जावे लागते, आणि तेही रुग्णाला सांगून जाणे चांगले. तुमच्याकडूनही एवढेच: आलेली चिठ्ठी टेबलावर उघडी राहू नये, आणि नवऱ्याची मधुमेहाची फाइल काढताना तिची फाइल सोबत येऊ नये.

शेवटी पुन्हा त्या ५८ वर्षांच्या गृहस्थांकडे. ते घरी आहेत, पण त्यांचे गुडघे अजून दुखतच असतील, आणि त्यांच्या पत्नीला आता कोणतीही गोळी देताना भीती वाटत असेल. त्यांना बोलावून घ्या, पॅरासिटामॉल आणि व्यायाम यांवर गुडघ्याचे काय करता येते ते पाहा. मग ज्या मानसोपचारतज्ज्ञांनी फोनवर तुम्हाला सुनावले, त्यांनाच पहिली चिठ्ठी लिहा. झाल्या प्रसंगाविषयी एक शब्दही लिहू नका. तुमच्याकडून त्यांना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी लिहा, आणि खाली दोन प्रश्न: लिथियम पुन्हा सुरू केले असल्यास डोस किती, आणि रक्तातली पातळी तपासण्याची पुढची तारीख कोणती? त्या तारखेच्या आठवड्याभर आधी उत्तर आले नाही, तर फोन करा.